जमिनीतून परतणारी वीज

१९ एप्रिल १९९४, पळसदेव

नववीचे पेपर तपासून झाले. चुंबकाच्या प्रश्नाला निम्म्या वर्गाची एकच चूक. म्हणजे चूक माझीच, शिकवताना झालेली. जूनमध्ये तो धडा पुन्हा घेणे.

दुपारी हेडमास्तरांनी बोलावलं. विजेच्या कामाच्या एक इंजिनियर बाई आल्यात, धरणाच्या काठाची जमीन तपासायची आहे. "मखरे, तुम्ही विज्ञानाचे. गावात ओळखी करून द्या, आठपंधरा दिवस बरोबर राहा." शेजारी बाई बसलेल्या. राजूरकर नाव, यवतमाळकडच्या. पस्तिशीच्या असतील. पायात कॅनव्हासचे बूट, त्यांना चिखल. मुक्काम इंदापूरला, रोज जीपनं येणार.

मी हो म्हटलं. सुट्टीत काय, निरवांगीला आईकडे चार दिवस जायचं एवढंच होतं.

२१ एप्रिल

पाणी बरंच मागं गेलंय. धरणात बुडालेल्या जुन्या गावच्या देवळाचं शिखर दिसायला लागलं. त्याच्या अलीकडच्या भेगाळलेल्या गाळात आज काम.

काम असं: चार लोखंडी सळ्या एका ओळीत, सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोघींमध्ये किती व्होल्ट दिसतात ते मोजायचं. यंत्राला हँडल, ते हातानं फिरवायचं. मग सळ्या आणखी लांब लांब ठोकून तेच. अंतर वाढवलं की करंट खोलवरून जातो, म्हणून आकडा खोलच्या जमिनीचा येतो. खड्डा न खणता खाली काय आहे ते कळतं!! गाळ, मग काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. राजूरकर मॅडमनी (यापुढं रा. मॅ.) वहीत आकड्यांची रांग लिहिली आणि म्हणाल्या, "इथं खडक लागला बघा." तिथं नुसती भुई. अकरा वर्षं ओहमचा नियम शिकवतोय, त्याचा असा उपयोग पहिल्यांदा बघितला.

दोन मजूर आहेत बरोबर. पण निम्म्या सळ्या बाई स्वतः ठोकतात. ऊन मरणाचं.

२२ एप्रिल

गावात दोन तर्क. एक, बुडालेल्या गावातलं धन शोधतायत. दोन, बोअरची जागा.

संध्याकाळी रा. मॅ. घरी चहाला. खरं काय ते सांगितलं. विदर्भात कोळशावरची वीज तयार होते, ती लागते मुंबईकडं. मधे सगळं राज्य आडवं. एवढ्या लांब नेहमीची एसी वीज न्यायची तर तारच बरंचसं खाते. एसी सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते, दर वेळी एवढी लांब तार भरायची आणि रिकामी करायची. त्यापेक्षा ती एका टोकाला डीसी करायची, पाच लाख व्होल्टवर सरळ एकाच दिशेनं न्यायची, दुसऱ्या टोकाला पुन्हा एसी. तीन तारांच्या जागी दोनच. एक धन, एक ऋण. टॉवर सडपातळ. एसीची डीसी करणारी यंत्रं म्हणे मोठ्या हॉलमध्ये छताला टांगलेली असतात, आणि चालू असताना तिथं माणसानं जायचंच नाही.

मी डीसी म्हणजे टॉर्चचा सेल एवढंच समजत आलो. मुलांनाही तेच सांगितलं: डीसी लांब जात नाही. पुस्तकात तसंच आहे.

बायको, शोभा, चुलीपाशी होती. एकदम म्हणाली, "दोनच तारा, त्यातली एक तुटली मग?"

रा. मॅ. माझ्याकडं बघून हसल्या. "सर, हा प्रश्न तुम्ही विचारायला पाहिजे होता." मग शोभाला म्हणाल्या, "मग दुसऱ्या तारेचं काम जमीन करते. उरलेल्या तारेनं वीज जाते आणि जमिनीतून परत येते. तेवढ्यासाठी दोन्ही टोकांना जमिनीत एक मोठं कडं पुरून ठेवायचं. ते कुठं पुरायचं, हेच मी शोधून राहिले. इकडं विजेचं एखादं स्टेशन करायचं का, त्याचा नुसता विचार चाललाय. अशा तीन जागा आहेत. ही एक."

शेकडो मैल मातीतून, खडकातून, नद्यांखालून वीज परत जाणार. झोपताना तेच डोक्यात. शो. म्हणाली, बाईंनी चहात साखर कमी मागितली, लक्षात ठेवा.

२६ एप्रिल

आज घोटाळा केला.

गाळात काम चालू होतं. लक्ष्मणआबा होडी ओढून आले. साठी कधीच उलटली त्यांची, अजून रोज जाळं टाकतात. मला विचारलं, "सर, ह्या बाई पाण्यात करंट सोडणार म्हणं. मासं मरत्याल का?"

मी म्हटलं, "काही होत नाही आबा. एवढ्या मोठ्या पाण्यात काय होतंय?"

रा. मॅ. हँडल फिरवत होत्या, थांबल्या. म्हणाल्या, "सर, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

दहाबारा माणसं जमलेली.

मग आबांना म्हणाल्या, "आबा, मला माहीत नाही. माशाला डीसी समजते, एवढं वाचलं आहे. किती असली म्हणजे त्रास होतो, ते बघावं लागेल."

आबा म्हणाले, "माहीत न्हाय तर मोजताय कशापायी?"

"माहीत नाही म्हणूनच."

आबांनी मान हलवली आणि गेले. लोक माझ्याकडं बघत होते. कान तापलेले घरी येईपर्यंत.

२७ एप्रिल

गेलो नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.

शो.: "डोकं न्हाय दुखत, दुसरंच कायतरी दुखतंय." नंतर म्हणाली, "तुम्ही चुकीचं सांगितलंत. बाईंनी सांभाळून घेतलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. आबाला काय मिळालं असतं?"

भाकरी खाल्ली.

२९ एप्रिल

सकाळी रा. मॅ. स्वतः दारात. माफी वगैरे काही नाही. हातात वही. "सर, काय करून राहिले? शाळेतला बागेचा सिमेंटचा हौद मिळेल का दोन दिवस? चार फूट लांब, बरोबर?"

हौदात मासे सोडून बघायचंय. दोन टोकांना पत्रे, त्यांना बॅटरी, मधे मासे. व्होल्ट थोडे थोडे वाढवायचे. हे त्यांच्या कामात नाही. जमिनीचे आकडे आणा एवढंच वरून सांगितलंय. पण "आबांनी विचारलं, मग बघायला नको?"

राग कुठं गेला कळलं नाही. मी यादी करायला बसलो.

३० एप्रिल

बारामती. मेव्हण्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, त्याचा मीटर मागून घेतला. दिला, पण हजार सूचना देऊन. गॅल्व्हनाइजचा पत्रा कापून घेतला, दोन तुकडे हौदाच्या रुंदीचे. तार, चिमटे, टॉर्चचे चार सेल. परतीच्या एस.टी.त पत्रा मांडीवर, धोतरवाले एक गृहस्थ म्हणाले, "छपराला का?" म्हटलं, माशांसाठी. पुढं भिगवणपर्यंत बोलले नाहीत.

बॅटऱ्या बाकी. एक जीपची. दुसरीसाठी निवृत्तीतात्यांकडं गेलो. काठाला सहा एकर ऊस आहे त्यांचा, ट्रॅक्टर आहे. काढून दिली लगेच. "पन मी बी येनार बघाया."

४ मे

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

हौद शाळेच्या व्हरांड्यात आणला, तिथल्या कुंड्या हलवून. पाणी धरणाचंच, आबांनी घागरींनी आणून भरलं. मासेही आबांचेच, तीन चिलापी, वीतभर. पन्नासेक माणसं. बाया वेगळ्या बाजूला, शोभा त्यांत. धन पत्र्याला रा. मॅ.नी लाल दोरा बांधला म्हणजे सगळ्यांना कळेल.

एक सेल. काही नाही. मासे आपले फिरतायत.
चार सेल, सहा व्होल्ट. काही नाही. मागून कुणीतरी "चला घरी."
बारा. जोडताक्षणी तिन्ही मासे दचकले. शेपटीला झटका. मग पुन्हा फिरायला लागले, पण बावरून.

रा. मॅ. वेळ लिहितायत, मी मीटर धरलेला. म्हणाल्या, "दोन्ही बॅटऱ्या."

चोवीस. मासे थरथरले, आणि तिघांनीही तोंड लाल दोऱ्याकडं केलं. तिन्ही. सरळ, ओळीत. आणि पोहत गेले पत्र्यापर्यंत.

रा. मॅ. म्हणाल्या, "सर, तारा उलट्या करा." मी चिमटे बदलले, दोरा दुसऱ्या पत्र्याला बांधला. मासे वळले. जसं कुणी हाक मारावी तसे वळून दुसऱ्या टोकाला.

इतकी वर्षं धन आणि ऋण शिकवलं. माशाला ते आधीपासून ठाऊक.

मागून एकजण, "आबा, आता जाळं नगं, बॅटरी घ्या!" हशा. आबा हसले नाहीत. लगेच म्हणाले, "सोडा त्यांस्नी आता." रा. मॅ.नी तार काढली. मासे तळाला जाऊन बसले. आबा बराच वेळ हात पाण्यात धरून होते. मग एक हलला. मग बाकीचे.

आबा म्हणाले, "बाई, तुमी हे आमच्यापुढं केलं. लपवून बी करता आलं असतं."

रा. मॅ.: "मासे तुमचे आहेत, आबा."

पुढं त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. हौदात चोवीस व्होल्ट चार फुटांत कोंबलेत, म्हणून मासा वळला. खरं कडं जितकं मोठं, तितका हा जोर पसरतो, माशाच्या वाट्याला थोडा येतो. एका सेलला मासा हलला पण नाही, तेही बघितलंत. तेवढ्यावर किंवा त्याखाली ठेवता येईल. "पण मग कडं मोठं पाहिजे."

"केवढं?" हा आवाज तात्यांचा. बॅटरी न्यायला पुढं आलेले.

"शाळेचं मैदान दोनदा आत बसेल, एवढं."

"काठाला?"

"काठाला."

"त्याच्यावर ऊस व्हईल का?"

मी रा. मॅ.कडं बघत होतो. इथं दुसरा कुणी असता तर होईल की म्हणाला असता. त्या म्हणाल्या, "वरून नांगर चालेल कदाचित. पण तिथं पाइपलाइन नको, विहीर नको, तारेचं कुंपण नको. जमिनीतला करंट लोखंड खातो. मग उसाला पाणी कसं देणार? मला वाटतं, ऊस होणार नाही."

तात्यांनी बॅटरी खांद्यावर घेतली आणि गेले. त्यांची जुनी जमीन धरणात गेलेली. काठाचे हे सहा एकर त्यानंतरचे, बाभळी काढून केलेले.

६ मे

गावात दोन तट. मासेवाले म्हणतात, मोठं कडं करा. काठाचे शेतकरी म्हणतात, लहान करा नाहीतर करूच नका. आबा आणि तात्या बुडालेल्या गावात शेजारी होते, भिंतीला भिंत. आज पारावर बाचाबाची.

तात्या: "तुझ्या माशापायी माझं रान घालवतो व्हय?"
आबा: "तुझ्या उसापायी मी काय खाऊ, सांग की."

मला वाटलं, प्रयोग केलाच नसता तर बरं झालं असतं. रा. मॅ.ना तसं म्हटलंही. त्या दमलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "भांडण जमिनीखाली होतंच सर. आपण वर काढलं फक्त." नंतर थोड्या वेळानं, "माझ्या गावावरून लाइन जाते. उन्हाळ्यात गावात आठ आठ तास वीज नसते. टॉवर बघत बसते आई. आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं."

पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलल्या.

१० मे

पुण्याहून त्यांचे साहेब. पांढरी गाडी. शाळेतच बसले, मी पाणी दिलं म्हणून ऐकायला मिळालं.

साहेब वाईट माणूस नाही. चिडले होते. "तुम्हाला जमिनीची रेझिस्टिव्हिटी मोजायला पाठवलं. मासे कुणी सांगितले? आता उद्या पेपरात येईल. ते पान रिपोर्टमधून काढा."

रा. मॅ.: "काढलं तर पुढचा माणूस लहान कडं करेल, सर. जमीन कमी लागते म्हणून. आणि मासे गेले की मग आपण परत येऊ कारण शोधायला."

"आणि ठेवलं तर ही जागा बाद होईल."

"होऊ दे ना. नाहीतर मोठं कडं होईल, पण जमिनीचं काय ते आधी ठरवून. दोन्ही मला चालतं. न सांगता केलेलं चालत नाही."

साहेब बराच वेळ रिपोर्ट चाळत होते. मला वाटलं, आता नोकरीवर येणार. शेवटी म्हणाले, "रीडिंग कोणी घेतलं? मीटर कोणाचा?"

"मखरे सरांनी. मीटर बारामतीच्या रेडिओच्या दुकानातला."

साहेब हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मग निदान मीटर तपासून घ्या. उद्या कुणी विचारलं तर?" म्हणजे पान राहिलं. निदान आज तरी.

मीटर रा. मॅ.नी साहेबांच्या गाडीतल्या मीटरशी ताडून पाहिला. फरक अगदी थोडा. मेव्हण्याला सांगितलं पाहिजे, छाती फुगेल.

१३ मे

काम संपलं. सळ्या धुऊन जीपमध्ये. शोभानं जेवायला ठेवून घेतलं. मासे नाही केले, मुद्दाम. वांग्याची भाजी. रा. मॅ.च्या ते लक्षात आलं, दोघी हसल्या.

निघताना मी म्हटलं, "त्या दिवशी लोकांपुढं माझी चूक काढलीत, मला राग आला होता."

म्हणाल्या, "मला कळलं होतं. पण तुमच्या तोंडचं गाव खरं मानतं सर. म्हणून तिथंच थांबवलं."

जीप गेल्यावर शाळेत जाऊन हौद धुतला, कुंड्या पूर्वीच्या जागी लावल्या. व्हरांडा उगाच मोठा वाटला.

१७ जून

शाळा सुरू. दहावीच्या नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगितलं, डीसी लांब जात नाही असं मी आधीच्या मुलांना शिकवलंय, ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं फळ्यावर काढलं. दोन टोकं, मधे दोन तारा, खाली जमीन. मागच्या बाकावरून, "सर, मग वीज रस्ता चुकत न्हाय का जमिनीत?" चांगला प्रश्न. उत्तर द्यायला पूर्ण तास गेला. तिला पसरायला एवढी जागा मिळते की अडवणूकच उरत नाही. तार किती जाड केली तरी एवढी जाड होणार नाही.

फार दिवसांनी शिकवताना मजा आली.

३ जुलै

तात्या आणि आबा दोघं एकत्र दारात. आधी मला वाटलं, भांडण माझ्याकडं आणलंय. तसं नव्हतं.

आबा म्हणाले, "सर, एक अर्ज लिहा. दोघांच्या नावानं."

तात्या: "आमी नको म्हणत न्हाय, हवं बी म्हणत न्हाय. असं लिहा की, काय बी ठरवाया आधी ते मोजलेलं सगळं गावाफुडं वाचून दाखवा. मासं बी, रान बी. बाईंनी दाखवलं तसं."

"दोघं एकत्र कसे?" न राहवून विचारलंच.

आबा म्हणाले, "त्या बाईनं माझ्या तोंडावर मासं धोक्यात हायती म्हणलं, आन् ह्याच्या तोंडावर ऊस जाईल म्हणलं. दोगांना बी खरं सांगितलं. मग आमीच खोटं का भांडायचं?"

तात्या चुना मळत होते.

अर्ज पाऊण पानाचा झाला. आबांनी सही केली, अक्षर मोठं, वळणदार. मला माहीत नव्हतं त्यांना लिहिता येतं. चौथीपर्यंत जुन्या गावच्या शाळेत होते म्हणे. उद्या इंदापूरला जाऊन रजिस्टरनं पाठवणे. एक प्रत रा. मॅ.ना.

२६ जुलै

रा. मॅ.चं पत्र. बदली झाली, शिक्षा वगैरे नाही, मागून घेतलेली. आता लाइनच्या टोकाच्या त्या मोठ्या हॉलचं काम बघतात. यंत्रं टांगायला सुरुवात झाली आहे. लिहितात की एकेक मनोरा तीन मजली, आणि सगळा अधांतरी. भूकंप झाला तरी नुसता झुलेल, तुटणार नाही, म्हणून टांगायचा. "वहिनींना सांगा, त्यांचा प्रश्न इथल्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी विचारला जातो."

आपल्या जागेविषयी: रिपोर्ट पूर्ण गेला, पानासकट. गावाचा अर्ज पोचला, तोही फाइलला लागला. निर्णय त्यांच्या हातात नाही. कधी होईल ठाऊक नाही. होईल की नाही, तेही नाही.

शो.ला पत्र वाचून दाखवलं. दोनदा.

१४ ऑगस्ट

रविवार. सकाळी तात्यांच्या रानात सरी पाडताना ट्रॅक्टर. थांबलो. उसाचं बेणं बांधावर पडलेलं, माणसं लागणीला उभी. त्यांत आबा, धोतर खोचून, कांड्या मोजून देतायत. पाणी वाढलंय, होडीचं काम दोन दिवस बंद, म्हणून आले असतील.

मी म्हटलं, "तात्या, अजून काहीच कळलं नाही वरून."

तात्या: "न्हाय कळलं तर न्हाय कळलं. वापसा आज हाय, वल लागणीजोगी झालीय."

"पण आडसाली लावताय. अठरा महिने रानात राहणार."

त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सरी सरळ घ्यायला हात केला. "राहू द्या की, सर. तवर त्यांचं मोजून व्हईल."

बूट काढले, सरीत उतरलो. संध्याकाळपर्यंत तीन सऱ्या लावून झाल्या माझ्या.